पालथा रांजण

“पायलट म्हणजे नेमकं काय, ते एकदा मला कळेल असं सांग बघू.”

पुरीबाबांनी विचारलं आणि तांब्या पुन्हा रांजणात बुडवला.

सारंग तौर घटाघटा पाणी पीत होता. डोंगर चढून येता येता त्याच्या घशाला कोरड पडली होती. पेला रिकामा करून त्यानं तोंड पुसलं आणि तो हसला. हा प्रश्न त्याला झोपेतून उठवून विचारला असता, तरी त्यानं उत्तर दिलं असतं.

“सोपं आहे, बाबा. समजा, नवी कंपनी आहे. तिच्याकडं एक कल्पना आहे. ती एकदम साऱ्या मुलखात नेली आणि फसली, तर कंपनी बुडाली. म्हणून आधी एका गावात, थोड्या लोकांत, थोडे दिवस चालवायची. लोक वापरतात का, कुठं अडतं, काय बिघडतं, ते बघायचं. त्याला पायलट म्हणतात.”

“म्हणजे करून बघणं.”

“करून बघणं.”

“आणि बघून झालं की?”

“पायलट संपतो. जे कळलं ते घेऊन पुढं जायचं, मोठं करायचं.”

“त्याच गावात?”

“असं काही नाही. जिथं मोठं होण्यासारखं असेल तिथं.”

“हं…”

“शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण, तसंच.” हे वाक्य सारंगच्या पुण्या-मुंबईच्या भाषणांत हमखास टाळ्या घ्यायचं.

“आणि त्या शिताचं काय होतं?”

“शिताचं?”

“चिमटीत धरून चेपून बघतात ना ते.”

सारंग पुन्हा हसला. “एका शिताचं काय एवढं, बाबा!”

बाबांनी तांब्या रांजणावर उपडा घातला आणि ते माळाकडं बघत राहिले.

वैशाखातली दुपार होती. बोडक्या माळावर गोसाव्यांचा हा जुना मठ. पुढं एक लिंब, लिंबाखाली दगडी ओटा आणि ओट्यावर हा रांजण. वाघदरीहून पलीकडच्या खोऱ्यात जायचं तर हा माळ ओलांडावाच लागतो, आणि पायथा सोडला की सगळ्या वाटेवर पाण्याचा दुसरा थेंब नाही. म्हणून कधीकाळच्या एका महंतानं इथं पाणपोई घातली आणि मागच्यांसाठी एक नेम ठेवून गेला. पाडव्याला रांजण भरला की मिरग बरसेपर्यंत तो रिता होऊ द्यायचा नाही. पुरीबाबा रोज पहाटे पायथ्याच्या आडावरून घागरी वाहून आणत. वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, नेम मात्र चुकला नव्हता.

खुद्द सारंगही त्या नेमाच्या भरवशावरच वर आला होता. पायथ्याशी गाडी लावून त्यानं पाण्याची बाटली हातात घेतली, तर टपरीवरचा चहावाला म्हणाला, “वर बाबांची पानपोई हाय की, साहेब. वझं कशाला वाहता?” बाटली गाडीतच राहिली.

पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक त्याच्या नावानं खडे फोडतील आणि मोकळे होतील. गोष्ट इतकी सोपी नाही.

परभणीला त्याचे वडील एकटेच राहायचे. एका दुपारी ते न्हाणीत पाय घसरून पडले आणि संध्याकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. दूधवाल्यानं दार फोडलं तेव्हा उशीर झाला होता. सारंग पुण्यात मिटिंगमध्ये होता. त्या रात्री परभणीला जाताना त्यानं मनाशी ठरवलं की असं दुसऱ्या कुणाचं होऊ द्यायचं नाही. त्यातून त्याची कंपनी निघाली. नाव ठेवलं ‘हाक’.

गळ्यात घालायचं एक बटण. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसानं अडीअडचणीला ते दाबायचं. बटणावर हिरवा दिवा लागायचा, निरोप कंपनीत पोचायचा, आणि कंपनीनं गावात नेमलेला माणूस मोटारसायकलवरून धावत यायचा. अगदी मनापासून केलेलं काम होतं ते. पुढं वडिलांची गोष्ट तो इतक्या वेळा, इतक्या लोकांपुढं सांगत गेला की सांगताना त्याचा आवाज कुठं जड व्हायचा तेही ठरून गेलं. त्याला मात्र ते कळलं नव्हतं.

पायलटसाठी त्यानं वाघदरी निवडली. घरं विखुरलेली, शेताशेतांत वस्त्या, तरणी माणसं शहरात आणि म्हातारी माणसं मागं. पण गळ्यात काही बांधून घ्यायला कुणी तयार होईना. ही करणी तर नव्हे, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा सारंग हा डोंगर पहिल्यांदा चढला आणि पुरीबाबांच्या पाया पडला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, एक बटण आपल्या गळ्यात घातलं आणि खाली गावात जाऊन दुसरं अनसूयाबाईच्या गळ्यात. मग सगळ्यांनीच घातली. बाबांचा शब्द त्या मुलखात कुणी खाली पडू देत नाही.

आज तो पुन्हा त्याच शब्दासाठी आला होता.

“पलीकडच्या खोऱ्यातली सगळी गावं घ्यायची म्हणतोय, बाबा. तुम्ही एकदा खाली येऊन लोकांना सांगा. परवा मुंबईहून पैसे गुंतवणारे पाहुणे येतायत. त्यांनी मनावर घेतलं तर हे सगळ्या राज्यात जाईल. नाही घेतलं…”

“नाही घेतलं तर?”

“तर या महिनाअखेर कंपनीला कुलूप. माझी माणसं घरी बसतील. माझ्या वडिलांच्या नावानं सुरू केलेलं काम आहे हो ते.”

“पाहुण्यांना काय दाखवणार?”

“वाघदरी. आणि अनसूयाबाई!” सारंगचा चेहरा उजळला. त्यानं खिशातून फोन काढला. “हे बघा. जिथं जातो तिथं पहिला फोटो यांचाच लावतो.”

फोटोत अनसूयाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. तोंडात दात नव्हते, तरी हसू तोंडभर होतं. गळ्यातलं बटण त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून पुढं केलं होतं.

बाबांनी फोन हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग अलगद परत दिला.

“कशा आहेत हो त्या? पाहुण्यांना त्यांच्याच ओसरीवर बसवून चहा पाजायचा म्हणतोय.”

बाबा डोळ्यांवर हात धरून खालच्या वाटेकडं बघत होते. वाघदरीच्या बाजूनं एक म्हातारा माणूस चढ चढत होता. डोक्यावर गाठोडं, हातात काठी. चार पावलं टाकायचा आणि थांबायचा.

बाबा उठले.

त्यांनी रांजणाच्या काठाला दोन्ही हात लावले, गुडघा टेकवला आणि रांजण कलता केला. पाणी भळाभळा ओट्याखालच्या दगडी डोणीत पडलं. शेळ्या-मेंढरांसाठी ती डोण होती. ती भरली, पाणी काठावरून सांडलं, तापल्या मातीत गेलं आणि क्षणभरात दिसेनासं झालं. मग बाबांनी रांजण ओट्यावर पालथा घातला आणि हात झटकले.

“पायलट संपला,” ते म्हणाले.

सारंग बघतच राहिला. “बाबा… हे काय केलंत?”

“करून बघत होतो. लोक पाणी पितात. गार असलं तर दोन पेले जास्त पितात. कळायचं ते कळलं.”

“अहो, पण तो माणूस येतोय!”

“येऊ दे की. त्याला सांग.”

“मी काय सांगू?”

“आम्हांला सांगितलंस तेच. नारळ फोड. टाळ्या वाजव.”

सारंगला नारळ आठवला. पायलट संपल्याचा कार्यक्रम मारुतीच्या पारावर नारळ फोडून झाला होता. त्यानं स्वतः माईकवरून सांगितलं होतं, “आपल्या वाघदरीचा पायलट आज यशस्वीपणे पूर्ण होत आहे!” गावानं टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला शाल-नारळ दिला होता. बटणं परत गोळा करणं त्याला वाईट दिसेल असं वाटलं. तो म्हणाला होता, ती राहू द्या, आमची आठवण म्हणून. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या टाळ्या कशासाठी होत्या, हे तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही. आता मात्र कुठंतरी काहीतरी खुपायला लागलं.

म्हातारा वर पोचला. सटवाजी त्याचं नाव. वाघदरीच्या ओढ्याकाठी त्याची वस्ती. त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि “नमो नारायन, बाबा,” म्हणत तो रांजणाकडं वळला.

वळला, आणि तसाच उभा राहिला.

“फुटला का वं, बाबा?”

“नाही.”

“मंग पालथा कसा?”

बाबांनी सारंगकडं बघितलं. शेकडो लोकांपुढं न अडखळता बोलणारा तो गडी, त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

सटवाजी ओट्याच्या पायरीवर बसला. ओठ पार सुकून पांढरे पडले होते. तो सारखा त्यांच्यावरून जीभ फिरवत होता आणि जीभही कोरडीच होती.

“पाडव्यापासून मिरगापस्तोर ह्यो रांजन रिता बघितला न्हाई मी. माझ्या बानंबी बघितला नसंल.” तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होता. “कळशी भरलेली व्हती की दारात. निघताना तुळशीला वतली. म्हनलं, वर बाबाची पानपोई हाय…”

“डोणीत आहे पाणी,” सारंग घाईनं म्हणाला.

सटवाजीनं डोणीत डोकावून बघितलं. शेवाळ, लेंड्या, मेंढरांची लोकर. त्यानं मान फिरवली. रागावला नाही. नुसती मान फिरवली.

“गाडीत बाटली आहे माझी. आलोच!”

आणि सारंग पळत सुटला.

उतरताना तो दोनदा घसरला. गाडीतली बाटली उन्हानं तापली होती. ती छातीशी धरून तो परत चढायला लागला, तेव्हा मघाशी प्यायलेल्या पाण्याचा त्याच्या अंगात मागमूस राहिला नव्हता. अर्ध्या वाटेत त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. एकदा वाटलं, एक घोट घ्यावा. वर बघितलं तर पायरीवर बसलेला म्हातारा तसाच दिसत होता, मान खाली घातलेला. सारंगनं बाटली उघडली नाही.

सटवाजी घोट घोट करत पाणी प्यायला. डोळे मिटून. मग उरलेली बाटली त्यानं पुढं केली.

“घ्या साहेब. लई धाप लागली तुमाला.”

“नको. तुम्ही प्या.”

“आवो घ्या. तहान कुनाला चुकलीय?”

सारंगनं बाटली घेतली आणि हातातच धरून ठेवली.

सटवाजी त्याच्याकडं निरखून बघायला लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. “तुमी… तुमी त्ये बटनवाले साहेब न्हवं?”

“हो.”

“बरं झालं भेटलात. एक इचारायचं व्हतं.” त्यानं सदऱ्यात हात घालून काळ्या दोऱ्यातलं बटण बाहेर काढलं. दोरा घामानं कळकट झाला होता, बटण मात्र पुसून स्वच्छ ठेवलेलं होतं. त्यानं अंगठ्यानं ते दाबलं. हिरवा दिवा लागला. “ह्ये बगा. दिवा लागतुया. मंग मानूस का येत न्हाई?”

“तुम्ही… अजून दाबता हे?”

“रोज. दिवेलागनीला एकदा. सवय झाली.”

“सटवाजी,” बाबा म्हणाले, “आधीचं सांग त्याला. बटणाच्या आधीचं.”

“आधीचं काय, हाळीच की.” सटवाजीनं ओढ्याच्या दिशेनं हात केला. “माझी वस्ती वड्याच्या अलीकडं, अनसूची पलीकडं. तिचा मालक गेला, माझी कारभारीन गेली. तवापासून दिवेलागनीला ती दारात यायची आन् हाळी द्यायची. मी ओ द्यायचो. का मी हाळी द्यायचो, ती ओ द्यायची. बोलायचं काय नसायचं त्यात. ओ आली, म्हंजी जित्तं हाय. न्हाई आली, तर कंदील घिऊन वडा वलांडायचा. सगळ्या वस्त्यांची तीच रीत.”

“मग?”

“मंग तुमचं बटन आलं. आमी म्हनलं, आता घसा कशाला फोडायचा? मानूस हाय की यायला. बाबांनी घातलंय गळ्यात. खोटं का बोलू, एकदा तिचा पाय मुरगळला तर तुमचा गडी आला व्हता फटफटीवर. लई कवतिक सांगायची.” तो थांबला. “हाळी सुटली ती सुटलीच.”

सटवाजी सांगत राहिला, त्याला सांगायचंच होतं.

“माघ महिन्यात पडली. दारातच, उंबऱ्यात. कंबर मोडली असंल. मला काय ठावं? मी आपला घरात, भाकर खाऊन निजलो. हाळी न्हाई आली, तर आजकाल येतच न्हाई ना! दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी तिची शेळी माझ्या दारात आली वरडत, तवा गेलो…”

लिंबावर एक कावळा ओरडला आणि उडून गेला.

“मुठीत बटन व्हतं. अंगठा वर तसाच. म्यां सोडवला तवा दिवा लागला त्याचा.” सटवाजीनं हातातल्या बटणाकडं बघितलं. “वरडली असती तर आलं असतं मला ऐकू. वड्याच्या पलीकडंच तर हाय. पर ती वरडली न्हाई. तिला वाटलं, मानूस निघालाय.”

सारंग खाली बसला.

“म्हनून इचारतो, साहेब. दिवा लागतुया, मंग मानूस का येत न्हाई?”

“तो दिवा…” सारंग म्हणाला. “तो दिवा बटणातलाच आहे, काका. आतल्या सेलवर लागतो. आमच्याकडं काहीच पोचत नाही.”

“कवापासून?”

“नारळ फोडला त्या दिवसापासून.”

“म्हंजी…” सटवाजीनं बाबांकडं बघितलं, मग पुन्हा सारंगकडं. “त्या दिवशी काम पुरं झालं म्हनलात की वं तुमी. आमी टाळ्या वाजवल्या. आमाला वाटलं, आता कायमचं सुरू झालं.”

सटवाजीनं दोरा डोक्यावरून काढला. बटण त्यानं भिरकावलं नाही, सारंगच्या अंगावर टाकलं नाही. पालथ्या रांजणाच्या बुडावर ते हळूच ठेवलं, आणि गाठोडं उचललं.

“निघतो, बाबा. लेकीच्या गावाला चाललोय. वस्ती मोडली. आता तिथं ओ द्यायला कोन हाय?”

“नमो नारायण,” बाबा म्हणाले.

तो पलीकडच्या उतारावरून हळूहळू खाली गेला. आधी गाठोडं दिसेनासं झालं की म्हातारा, कुणास ठाऊक. सारंगच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

तो बाबांकडं वळला. “तुम्हांला माहीत होतं.”

“हो.”

“मला कळवलं का नाही तुम्ही?”

बाबांनी भगव्या उपरण्याखाली हात घातला आणि आपल्या गळ्यातलं बटण बाहेर काढलं.

“कळवलं की. तिला अग्नी दिला, त्या रात्रीपासून रोज कळवतोय.”

त्यांनी अंगठा दाबला. हिरवा दिवा लागला, आणि विझला.

सारंगनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वडील गेले तेव्हा तो रडला नव्हता, तेव्हा धावपळ होती, माणसं होती. नंतर ती गोष्ट सांगता सांगता रडायचं राहूनच गेलं. आज त्याला हुंदका आवरेना. कुणासाठी रडतोय, हेही त्याला नीट सांगता आलं नसतं.

बाबांनी त्याला रडू दिलं.

“तिच्या गळ्यात ते मी घातलं,” बाबा म्हणाले, अगदी हळू. “ती म्हणाली होती, बाबा, हे दाबल्यावर ओ कोण देईल? मी म्हटलं, देईल कुणीतरी… मला तरी कुठं ठाऊक होतं? मी तुला विचारलंच नव्हतं.”

“तुमची काय चूक, बाबा?”

“पायलट म्हणजे काय, हे मी आज विचारलं. तेव्हा विचारायला हवं होतं.”

सारंग उठला. त्यानं रांजणाच्या बुडावरचं बटण उचलून खिशात टाकलं, रांजण सरळ केला आणि मठाच्या दारातली घागर काखेत घेतली. बाबांनी त्याला अडवलं नाही.

तो पायथ्याच्या आडावर गेला. सवय नव्हती, दोर हाताला कापला. घागर खांद्यावर घेऊन चढताना निम्मं पाणी अंगावर सांडलं. रांजणाच्या तळाशी ते दिसलंसुद्धा नाही. पुन्हा गेला. पुन्हा आला. चहावाल्यानं विचारलं, “काय साहेब, नवस-बिवस हाय का?” सारंग घागर घेऊन चालायला लागला. फोन दोन-तीनदा वाजला. पाहुण्यांचा असणार. त्यानं घेतला नाही.

ऊन उतरलं, तरी रांजण अर्धाही झाला नव्हता.

“तुमचा नेम मोडला, बाबा,” तो धापा टाकत म्हणाला. “इतक्या पिढ्यांचा.”

“मोडला. माझ्याच हातानं मोडला.”

“माझ्यामुळं.”

“तुझ्यामुळं कशाला? तुला दाखवायचं होतं, म्हणून एका तहानलेल्या म्हाताऱ्याला मी उन्हात बसवलं. ते पाप माझ्या खात्यावर. तू तुझं बघ.”

“ही पाणपोई नव्हती, तेव्हा लोक हा माळ कसा ओलांडायचे हो?”

“घरून पाणी घेऊन,” बाबा म्हणाले.

सारंग घागर टेकवून उभा राहिला. खाली वाघदरीवर सावली पसरत होती. एकेका वस्तीत दिवे लागत होते. ओढ्याच्या दोन्ही काठांवर मात्र दोन घरं तशीच काळी होती. अलीकडचं सटवाजीचं, पलीकडचं तिचं.

“पाहुण्यांना काय सांगू, बाबा?”

बाबा खालच्या दिव्यांकडं बघत होते.

“माझ्या माणसांना काय सांगू? सगळं बंद करू का? की उद्यापासून सगळी बटणं पुन्हा सुरू करू? पण किती दिवस करणार? काहीतरी सांगा हो.”

“दिवेलागण झाली,” बाबा म्हणाले. “आधी हाळी दे.”

“कुणाला?”

बाबांनी ओढ्यापलीकडच्या काळ्या घराकडं बोट केलं.

सारंग माळाच्या कडेला जाऊन उभा राहिला. तोंडाभोवती हात धरले. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, घसा कोरडा पडला होता. त्यानं आवंढा गिळला आणि पुन्हा सगळा जोर लावला.

“अनसूयाबाईऽऽऽ होऽऽऽ!”

हाक दरीत उतरली. समोरच्या कड्यावर थोडी वाजली आणि विरून गेली. कुठंतरी एक कुत्रं भुंकलं आणि तेही थांबलं.

सारंग ऐकत राहिला. वारा पडला होता. खाली एखाद्या घराचं दार लागलं असतं, तरी ते वर ऐकू आलं असतं, इतकी सामसूम होती.

त्यानं आणखी एकदा हाळी दिली. मग आणखी एकदा. शेवटची अर्धी तुटली.

“बाबा…” तो वळून न बघताच म्हणाला. “कुणीच ओ देत नाही.”

पुरीबाबा काठी टेकत आले आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.

“थांब,” ते म्हणाले. “तीही थांबली होती.”